पाच गावं आणि एक बांध

ही हकिगत इटलीतली असली तरी तिची सुरुवात आपल्याच कॉलेजात झाली आहे. ज्या वर्षी या वार्षिकाच्या मराठी विभागाचा विद्यार्थी-प्रतिनिधी मी होतो, त्याच वर्षी कन्नड विभागाचा प्रतिनिधी तो होता. दोन्ही विभागांना मिळून पानं ठरलेली. चार पानांवरून आमचं असं काही जुंपलं की शेवटी सरांनी दोघांचीही दोन-दोन पानं कापून इंग्रजी विभागाला देऊन टाकली. त्या समान अन्यायातून आमची मैत्री झाली. पुढे मी मास्तर झालो. तो इंजिनिअर होऊन जर्मनीला गेला. भेट झाली की तो अजूनही त्या दोन पानांचा हिशेब मागतो.

२०२२ च्या सप्टेंबरात मी पंधरा दिवसांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. एके संध्याकाळी तो म्हणाला, "इटलीत समुद्रकाठी पाच गावं आहेत. पाठीला सॅक लावायची आणि चालायचं. येतोस?" कॉलेजात असताना आम्ही लोंढ्याहून कॅसलरॉकपर्यंत असेच गेलो होतो. तेव्हा सॅक नव्हत्या, शबनम पिशव्या होत्या. एवढाच काय तो फरक, असं मला वाटलं. गुडघ्यांमध्येही काही फरक पडलेला असतो, हे नंतर कळलं.

या पाच गावांना मिळून 'चिंक्वे तेर्रे' म्हणतात, म्हणजे पाच भूमी. रिओमाज्जोरे, मनारोला, कोर्निलिया, वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सो. इटलीच्या वायव्येला लिगुरिया नावाचा प्रांत आहे. तिथे डोंगर सरळ समुद्रात उतरतो, मध्ये सपाट जमीन अशी नाहीच. त्या उतारावर जिथे जिथे ओढा समुद्राला मिळतो तिथे तिथे एक-एक गाव अडकून बसलेलं आहे. अपवाद फक्त कोर्निलियाचा. १८७४ मध्ये जेनोवा ते ला स्पेझिया हा रेल्वेमार्ग पुरा झाला. तोपर्यंत इथे यायचं म्हणजे होडीनं नाहीतर पायवाटेनं. आजही खरी वाहतूक रेल्वेचीच. गाडी बोगद्यातून धावते. अंधार, मग क्षणभर निळाशार समुद्र, पुन्हा अंधार. डोळे सरावायच्या आत गाव येतं.

आम्ही मुक्काम ला स्पेझियाला केला. पहिल्याच सकाळी दंड भरला. तिथे तिकीट काढून भागत नाही. फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. "मला सगळं ठाऊक आहे, मी युरोपात राहतो," असं म्हणणारा माझा मित्र नेमका ते विसरला. तपासनीस आला, अतिशय नम्रपणे आमचं म्हणणं ऐकून घेतलं आणि तितक्याच नम्रपणे पावती फाडली. मी हसलो. तो हसला नाही. खरं तर त्याचं लक्ष कालपासूनच कुठे नव्हतं. सारखा फोन वाजत होता आणि तो लांब जाऊन बोलत होता. मी विचारलं नाही.

रिओमाज्जोरेत घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. तांबडी, पिवळी, गुलाबी. गल्लीत मोटारी नाहीत, होड्या ठेवलेल्या. आपल्याकडे दारात स्कूटर लावतात तशा. तिथून मनारोलाला कड्यात खोदलेली एक वाट जाते. दोन गावांतली तरुण मंडळी तिथे भेटत म्हणून तिचं नावच 'प्रेमाची वाट' पडलं. आम्ही गेलो तेव्हा ती बंद होती. २०१२ मध्ये दरड कोसळून काही प्रवासी जखमी झाले होते, तेव्हापासून बंद. ती पुरती उघडली २०२४ मध्ये. "प्रेमाची वाट दरड कोसळल्यामुळे बंद आहे" हे वाक्य मी त्याला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "साकु." म्हणजे पुरे.

मनारोलाला पोचल्यावर मात्र तो समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. सगळे प्रवासी पाण्याचे आणि रंगीत घरांचे फोटो घेत होते, आणि हा डोंगराकडे बघत होता. डोंगर पायापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांचा केलेला. प्रत्येक पायरीला दगडी भिंत आणि भिंतीमागे हातभर रुंदीची माती. तीत द्राक्षाचे वेल. द्राक्षं काढणीला आली होती. एकेरी रुळावरून चालणारी एक चिमुकली गाडी क्रेट घेऊन उतारावरून कुरकुरत येत होती. पूर्वी हे सगळं ओझं माणसांनी डोक्याखांद्यावरून वाहिलं. या भिंतींना चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड. कोकणातले गडगे ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. जवळजवळ हजार वर्षं हे काम इथे चाललं आहे. सगळ्या भिंती एकापुढे एक मांडल्या तर किती लांब जातील, हे सांगताना तिथले लोक चीनच्या भिंतीचं नाव घेतात. १९९७ मध्ये युनेस्कोनं या भागाला जागतिक वारसा म्हटलं ते नुसत्या सृष्टिसौंदर्यासाठी नव्हे, माणसानं घडवलेल्या या उतारासाठी.

"ओड्डु," तो म्हणाला. कन्नडात बांधाला हा शब्द आहे.

त्याचं गाव सौंदत्तीकडे. टेकडीच्या पायथ्याला त्यांची चार एकर उताराची जमीन. तिथला दगडी बांध त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, स्वतः रचलेला. मी तो पाहिला होता. सुट्टीत गेलो असताना त्याच बांधावर बसून आम्ही भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली होती. अप्पा २०२१ मध्ये गेले. विमानं बंद-चालू होण्याच्या त्या दिवसांत हा पोचू शकला नाही.

कोर्निलिया हे गाव खाली पाण्यापाशी नाही. ते समुद्रावर शंभर मीटर उंच कड्यावर बसलं आहे. स्टेशनातून वर जायला विटांचा जिना आहे, ३३ टप्प्यांचा, पावणेचारशेहून अधिक पायऱ्यांचा. दोनशेच्या आसपास मी कठडा धरून थांबलो तेव्हा त्याचा फोन पुन्हा वाजला. या वेळी त्याला लांब जाणं शक्य नव्हतं. पलीकडे त्याचा थोरला भाऊ होता. माझं कन्नड बोलण्यापुरतं नसलं तरी ऐकण्यापुरतं आहे. जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. मुखत्यारपत्रावर याची सही हवी होती आणि हा दोन महिने ती टाळत होता.

फोन ठेवल्यावर मी न विचारता बोललो. अजून वाटतं, बोलायला नको होतं. म्हणालो, "अरे, अप्पांनी हातानं रचलेला बांध विकणार तुम्ही? चार एकर विकून काय मिळणार आहे?"

तो एक पायरी वर होता. वळला आणि म्हणाला, "तुझे वडील सरकारी नोकरीत. आज इथे, उद्या तिथे. तुमच्याकडे कुंडीतली तुळस सोडली तर दुसरं झाड नव्हतं. तो बांध दर पावसाळ्यात ढासळतो, ठाऊक आहे? कोण रचतो परत? अण्णा. त्याची कंबर गेली आहे. मी काय करतो? दिवाळीला पैसे पाठवतो. आणि तू काय करतोस? वर्षातून एकदा येऊन बांधावर बसून भाकरी खातोस!"

मी म्हणालो, "मग मला इथवर कशाला आणलंस?" हे अगदीच बालिश होतं, पण तोंडातून गेलं. उरलेल्या पायऱ्या आम्ही एकमेकांपासून वीस पायऱ्यांच्या अंतरानं चढलो.

कोर्निलिया ते वेर्नाझ्झा ही वाट दीड तासाची. ऑलिव्हच्या झाडांमधून जाते. डाव्या हाताला खाली समुद्र. लोक या वाटेसाठी जगभरातून येतात. मी तिच्यावर काय पाहिलं म्हणाल, तर पुढे चाललेली एक निळी सॅक आणि तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल. वाटेत प्रेव्हो नावाची चार घरांची वाडी लागते. तो वाटेतला सर्वांत उंच भाग. तिच्या थोडं पुढे एक म्हातारा ढासळलेली भिंत रचत होता. निळी सॅक तिथे थांबली.

मी पोचलो तेव्हा सॅक झाडाला टेकवलेली होती आणि माझा मित्र म्हाताऱ्याच्या हातात दगड देत होता. एकाला इटालियन येत नाही, दुसऱ्याला ते सोडून काही येत नाही, आणि तरी काम बिनबोभाट चाललं होतं. मोठा दगड खाली, त्याचं तोंड बाहेर आणि कल आत, डोंगराच्या बाजूला. मागच्या पोकळीत लहान दगडांची भर, म्हणजे पाऊस पडला की पाणी फटींतून पाझरून जातं. चुना भरून भिंत बंद केली तर पाणी मागे साठतं आणि सगळंच लोटून देतं. हे मला नंतर त्यानं सांगितलं. तेव्हा मी नुसता बघत होतो. शेवटी राहवेना म्हणून मीही एक बरासा दगड उचलून नेला. म्हातारा "पियानो, पियानो" असं काहीतरी म्हणाला. रानात पियानो कुठून आला, मला कळेना. मित्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे हळू. मेल्लगे." म्हाताऱ्यानं माझा दगड दोन वेळा फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवून दिला.

मग त्यानं समोरच्या उताराकडे बोट केलं. तिथे पायऱ्या होत्या, पण काटेरी झुडपांनी भरलेल्या. भिंतींना जागोजाग खिंडारं. मुलं शहरात गेली असणार, दुसरं काय. म्हाताऱ्यानं तळहात तिरपा धरून वरून खाली सरकवला, वेर्नाझ्झाच्या दिशेला, आणि बोटांनी हवेत आकडे काढले. दोन, शून्य, एक, एक.

२५ ऑक्टोबर २०११ ला या भागात काही तासांत अतोनात पाऊस झाला. डोंगरावरची माती, दगड, झाडं सगळं ओढ्यातून वेर्नाझ्झाच्या एकुलत्या एका मुख्य रस्त्यावर आलं. दुकानं गाडली गेली, चिखल तळमजल्यांच्या छतांपर्यंत चढला. त्या गावातली तीन माणसं दगावली. पाऊस तर कुणाच्या हातचा नाही. पण शेती सोडलेल्या पायऱ्यांच्या भिंती कुणी सावरत नाही आणि असा उतार लवकर सुटतो, हे तिथे शेतकऱ्यापासून अभ्यासकांपर्यंत सगळे सांगतात.

वेर्नाझ्झा आता इतकं नीटनेटकं आहे की त्या चिखलाची कल्पनाही करवत नाही. बंदराच्या धक्क्यावर आम्ही बसलो. त्यानं दोन तुकडे 'फारिनाता' आणला. हरभऱ्याचं पीठ पाण्यात आणि ऑलिव्ह तेलात कालवून भट्टीत भाजतात, झालं. चवीला पिठल्याचा लांबचा भाऊ. वर हिरवी चटणी, पेस्तो. तिच्यातल्या पानांचा वास ओळखीचा वाटत होता. "सब्जा रे," तो म्हणाला, "फालुद्यात घालतात ते बी याच झाडाचं." जवळजवळ दोन तासांनी ऐकलेलं हे पहिलं मराठी वाक्य.

मग स्वतःहूनच बोलायला लागला. "गिऱ्हाईक कोण आहे, विचारलं नाहीस तू."

"कोण?"

"खालच्या शेताचा मालक. आमचा बांध फुटला की दगडमाती त्याच्याच शेतात जाते. त्याची दोन्ही मुलं शेतातच आहेत. त्याला बांध धरावाच लागेल. आमच्याकडे राहिली जमीन, तर अण्णा अजून चार वर्षं ओढेल. मग? मी जर्मनीत बसून सातबाऱ्यावर नाव बघणार?" कर्नाटकात सातबारा नसतो, उतारा असतो, पण माझ्याशी बोलताना तो माझे शब्द वापरतो. थोडा वेळ थांबून म्हणाला, "सही करायचं माझं कधीच ठरलं होतं. पण सही केली की अप्पा खरंच गेले, असं होईल ना."

यावर मला काही बोलता आलं नाही. वर्गात पाऊण तास न थांबता बोलणारा माणूस मी! फारिनाताचा उरलेला तुकडा त्याच्या पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी वेर्नाझ्झाहून मोंतेरोस्सोला चालत गेलो. ही वाट सर्वांत अवघड, दोन तासांची, आणि उतरताना पायऱ्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं डोंगराला चिकटून उभं राहायचं. मोंतेरोस्सोला खरा वाळूचा किनारा आहे. एउजेनियो मोंताले हा कवी लहानपणी उन्हाळ्यात इथेच असे. १९७५ चं नोबेल त्याला मिळालं. त्याच्याविषयी मी जे काही वाचून गेलो होतो ते मित्राला सांगायला सुरुवात केली, पण त्यानं बूट काढून पाय पाण्यात सोडले होते आणि डोळे मिटले होते. कवी बाजूला राहिला. मीही बूट काढले.

परतीच्या गाडीला तिकिटांवर शिक्का मी मारला. दोन्ही.

पुढच्याच महिन्यात त्यानं वकिलातीत जाऊन सही केली. गेल्या वर्षी काही कामानं मी सौंदत्तीला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून ते शेत पाहून आलो. अण्णा बरोबर होते, काठी टेकत. बांध उभा होता. एका ठिकाणी पावसानं दगड निखळले होते आणि नवा मालक, त्याचा मुलगा, दोघं ते रचत होते. अण्णांनी माझी ओळख करून दिली. मी एक दगड उचलून पुढे केला. आता मला थोडंफार कळतं असं मी धरून चाललो होतो.

"मेल्लगे, सर," नवा मालक म्हणाला. दगड हातात घेऊन त्यानं दोनदा फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग मुलाला चहा आणायला पाठवलं.