फलटणच्या पेठेतील एक संसार

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने फलटणचे शिवार उसाने भरले आणि पेठेचे वेळापत्रक शेतकऱ्याच्या सवडीवर येऊन ठेपले. दिवसभर रानात राबणारे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढते ते दिवेलागणीलाच. पेठेतील तरुण जैन जोडप्याच्या संसाराची कसोटी येथेच लागते.

ज्येष्ठ-आषाढाच्या सांध्यावर माउलींची पालखी येथे मुक्काम करते; त्या दिवशी दुकानाकडे लक्ष देण्यास कोणास सवड? पाठोपाठ चातुर्मास लागतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम एरवी कधी सैल पडत असेल, पण या चार महिन्यांत तो निग्रहाने पाळावयाचा. पती गल्ल्यावर, ताट घरी, आणि गर्दी नेमकी त्याच वेळी. तरुण घरांनी यावर तोड काढली आहे. पत्नीच डबा घेऊन दुकानी येते. तो आतल्या खोलीत जेवतो, ती गल्ला सांभाळते. सुनेने गल्ल्यावर बसणे जुन्या पेठेस रुचले नसते. तिला तेथे बसविले ते जुन्याच नियमाने, ही मौज!

हळूहळू उधारीची वहीही तिच्या हाती येते. दशलक्षणात उपवास सांभाळून ती वसुलीच्या तारखा लक्षात ठेवते. मार्गशीर्षात श्रीरामाचा रथ निघतो, तेव्हा तर दोघांनाही उसंत नसते.

अक्षय्य तृतीयेस मात्र दोघे मिळून मंदिरात जातात. भगवान आदिनाथांचे पारणे इक्षुरसाने झाले होते. येथे तो रस बांधावरच्या उसाचा असतो.