ब्रेक पॅडमधली तार

ब्रेक पॅड म्हणजे लोखंडी पाठीवर घट्ट चिकटवलेला घर्षणाच्या मसाल्याचा थर. नवा असताना हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो आणि २-३ मिलिमीटर उरला की पॅड बदलायचा असतो. मधली झीज चालवणाऱ्याला जाणवत नाही, कारण पॅड जितका झिजतो तितका पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकून राहतो आणि पायाखालचे पेडल होते तिथेच लागते. पूर्वी पॅडच्या पाठीला वाकवलेल्या पत्र्याची एक जीभ असे. मसाला संपत आला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासायची आणि चाकातून कर्कश शिट्टी ऐकू यायची. कित्येक गाड्यांत ती अजूनही असते. महागड्या आणि नव्या गाड्यांत हे काम पॅडमध्ये बसवलेल्या तारेकडे, म्हणजे वेअर सेन्सरकडे आले आहे.

या तारेची रचना अगदी साधी आहे. एका प्रकारात पॅड झिजून ठरावीक जाडीवर आला की तारेचे टोक फिरत्या डिस्कला टेकते, विजेचे मंडल पूर्ण होते आणि मीटरवर दिवा लागतो. दुसऱ्या प्रकारात तारेचा फास पॅडमध्ये बसवलेला असतो. डिस्क तो कापते आणि मंडल तुटल्यावर दिवा लागतो. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत हा फास दोन टप्प्यांत कापला जातो. पहिला टप्पा गेला की गाडीचा संगणक अजून किती किलोमीटर निघतील याचा हिशेब मांडायला लागतो. सेन्सर मात्र सहसा सगळ्या चाकांना नसतो. बीएमडब्ल्यूत तो पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला असतो. म्हणजे आठ पॅडपैकी दोनांवरच नजर आणि उरलेल्या सहांवर कोणाचीच नाही. त्या सहांकडे चाक उतरवणाऱ्यानेच पाहायचे असते. घरी ब्रेकचे काम करण्याचा खरा फायदा हाच आहे. वाचणारी मजुरी त्यापुढे किरकोळ आहे.

छत्रपती संभाजीनगरात या कामाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. २००१ मध्ये शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली आणि पुढे ऑडीच्या गाड्याही तिथे जुळू लागल्या. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या दुचाकी तयार होतात. त्याच वर्षी सुरू झालेल्या आणि इथेच मुख्यालय असलेल्या एन्ड्युरन्स कंपनीच्या उत्पादनांत दुचाकींचे डिस्क ब्रेक आहेत. कॅलिपर म्हणजे काय, पिनेला किती ढिलाई हवी आणि डिस्कची जाडी कुठे मोजायची हे ज्यांच्या रोजच्या पाळीत येते अशी माणसे या गावात गल्लोगल्ली आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी देशभर झाली. अशा गाड्या कालांतराने दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातात, वॉरंटी सरते, आणि मग रविवारी सकाळी अंगणात जॅक निघतो.

पॅड किती लवकर झिजतील हे रस्ता ठरवतो. दीड टनाची गाडी ताशी ८० किलोमीटरच्या वेगावरून थांबवली की जवळपास ३७० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. सव्वा लिटरच्या आसपास पाणी उकळीला आणायला एवढी पुरते. उताराचा हिशेब याहून बोलका आहे. इंजिनाचा आणि हवेचा रोध सोडला तर दर १०० मीटर खाली उतरताना ८० वरून चार वेळा थांबण्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये जाते. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना गाडी पठारावरून थेट खानदेशात येते. ऑटोमॅटिक गिअरची गाडी घेऊन पाय सतत ब्रेकवर ठेवणाऱ्याचे पॅड त्या वळणांवर भाजून निघतात. दौलताबादच्या किल्ल्याची वेस ओलांडून खुलदाबादकडे जाणारा घाट त्या मानाने लहान, पण सुट्टीच्या दिवशी तिथल्या गर्दीत गाडी पुन्हा पुन्हा थांबवावी लागते. त्यात उन्हाळ्यात मुरमाची धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. या दोन्हींनी पॅडपेक्षा कॅलिपरच्या पिनांचे नुकसान जास्त होते.

कामाला बसण्यापूर्वी गाडी सपाट आणि टणक जमिनीवर उभी करावी. शहाबादी फरशीवर किंवा मुरमावर जॅक तिरका होतो. जे चाक उचलायचे नाही त्याच्या पुढे-मागे दगड लावावेत आणि चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून घ्यावेत. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली हात घालू नये, यात सूट नाही. पॅड नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांचे बदलतात. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेक दाबताना एका अंगाला ओढते. तरीही एका वेळी एकच चाक खोलावे, म्हणजे जोडताना पत्रे, क्लिपा आणि तारेची वाट विसरल्यास दुसऱ्या चाकात नमुना पाहायला मिळतो.

चाक निघाले की आधी सेन्सरची जोडणी सोडवावी. उष्णतेने तिचे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. ओढून नव्हे, कडी दाबून ती सुटते. मग कॅलिपरच्या मार्गदर्शक पिना काढून कॅलिपर वर उचलायचा आणि तारेने स्प्रिंगला टांगून ठेवायचा. ब्रेकच्या रबरी पाइपावर त्याला लोंबकळू दिले तर पाइप आतून चिरतो, आणि ती चीर बाहेरून दिसत नाही. धूळ हवेने फुंकू नये. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी, कारण ती श्वासाबरोबर आत जाऊ देण्यासारखी नसते.

निघालेले पॅड ज्या जागेचे त्या क्रमाने जमिनीवर मांडून पाहावेत. तरंगत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि पूर्ण कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाडजूड असेल तर पिना अडकल्या आहेत. एकच पॅड तिरपा झिजला असेल तर तो खाचेत गंजाने बसला आहे. डाव्या चाकाची जोडी निम्मी आणि उजव्या चाकाची संपलेली असेल, तर डावीकडचा सेन्सर कितीही चांगला असला तरी दिवा लागणार नाही. नवे पॅड टाकून चाक बंद करणाऱ्याच्या हातून नेमका हा अडकण्याचा दोष राहून जातो, आणि काही महिन्यांत नवे पॅडही तसेच वाकडे झिजतात.

म्हणून वेळ द्यायचा तो पिनांना. पिना बाहेर काढून जुने ग्रीस पुसावे आणि गंजाचे ठिपके बारीक पॉलिश पेपरने घालवावेत. खोल खड्डे पडले असतील तर पिना बदलाव्यात. रबरी बूट फाटले असतील तर तेही बदलावेत, कारण धूळ तिथूनच आत येते. ग्रीस सिलिकॉनचे किंवा ब्रेकसाठीच बनवलेले हवे. बेअरिंगला लावतात ते साधे ग्रीस या रबराला फुगवते आणि पिन आणखी घट्ट होते. काही कॅलिपरच्या पिना रबरी बुशीत कोरड्याच चालतात. तिथे फक्त स्वच्छता, ग्रीस नाही. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात ती तारेच्या ब्रशने चकचकीत करावी. नवा पॅड तिथे बोटाने सरकला पाहिजे, हातोडीने नव्हे.

डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. २५ मिलिमीटरच्या डिस्कला ती बहुधा २२ असते. कडेला न झिजलेली धार राहते, म्हणून व्हर्नियरचे सरळ जबडे फसवतात. मायक्रोमीटरने आतल्या घासलेल्या पट्ट्यात मोजावे. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी पाहत राहावी, कारण ऑइल वर चढून सांडते आणि रंग खाते. त्याच वेळी त्याची अवस्थाही पाहून घ्यावी. डॉट ४ ऑइल नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतला दमटपणा शोषल्यावर त्याचा उत्कलनबिंदू १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात पेडल अचानक मऊ लागते त्याचे एक कारण हे असते.

मागच्या चाकांना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर पिस्टन क्लँपने दाबू नये. आत मोटर आणि स्क्रू असतो, तो स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये मागे घ्यावा लागतो. जबरदस्ती केली की दाते तुटतात. केबलच्या हँडब्रेकचा पिस्टन फिरवत दाबायचा असतो. २००० च्या दशकातल्या काही मर्सिडीजमध्ये ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक पंप देतो. तो स्कॅनरने बंद न करता कॅलिपर खोलला तर पिस्टन आपोआप पुढे येतो आणि बोट चिरडू शकते. अशी गाडी ज्याच्याकडे योग्य स्कॅनर नाही त्याने खोलू नये.

नवा सेन्सर पॅडच्या खाचेत कट् आवाज येईपर्यंत बसवावा. झिजलेला किंवा कापला गेलेला सेन्सर परत वापरता येत नाही. त्याची तार मूळच्या क्लिपांतूनच न्यावी आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहावे. तार ताणली जात असेल किंवा टायरला टेकत असेल तर पहिल्याच आठवड्यात पॅड नवे असूनही दिवा लागेल. पिना आणि बोल्ट टॉर्क रेंचने, त्या गाडीच्या आकड्याला आवळावेत. स्कोडाच्या बहुतेक गाड्यांत चाकाच्या बोल्टला १२० न्यूटन-मीटर लागतात, कॅलिपरच्या पिनांना त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. पिना चाकाच्या ताकदीने आवळणाऱ्यांनी अॅल्युमिनियमचे आटे पुष्कळदा घालवले आहेत.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत हळूहळू दाबत राहावे. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात. हे विसरून फाटकाबाहेर पडलेली गाडी थांबत नाही. त्यानंतर ऑइलची पातळी पाहावी आणि ज्या गाडीत लागते तिथे मीटरमधला सर्व्हिसचा आकडा रीसेट करावा. सेन्सर नीट बसला नसेल तर बीएमडब्ल्यू हा रीसेट स्वीकारत नाही, आणि चूक तिथेच कळते.

पहिले काही किलोमीटर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर काढावेत. ताशी ५०-६० च्या वेगावरून १५ पर्यंत सावकाश आणावे, थोडे चालू द्यावे, पुन्हा तसेच. असे दहाएक वेळा. यात पॅडच्या मसाल्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी करू नये, त्याच जागी जास्त मसाला चिकटतो आणि पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात धरून पाहावा. पुढची दोन्ही चाके मागच्यांपेक्षा गरम लागतील, ते साहजिक आहे. एकाच आसावरचे एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल, तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अजून अडकतो आहे, आणि ते चाक त्याच दिवशी पुन्हा खोलावे लागते.