नावेची पाठशुद्धी

निफाड तालुक्यातील गोदाकाठ हा पुराशी सोयरीक असलेला मुलूख. १९६९ चा महापूर इथल्या वृद्धांच्या बोलण्यात अजून येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा, चांदोरीत पाणी पुन्हा घरांत शिरले होते. या काठावरच्या एका वस्तीत, आमच्या विद्यार्थ्याच्या घरामागील गोठ्यात, एक लहान सागवानी नाव कित्येक वर्षे पालथी पडून होती. एकोणसत्तरला आपल्या वडिलांनी याच नावेतून माणसे काढली, असे त्याचे आजोबा सांगत. ती एकदा तरी पाण्यात जावी ही त्यांची इच्छा. ते काम अंगावर घेतले मराठी शिकवणाऱ्या आम्ही दोघांनी. रंधा आणि पटाशी यांतला फरकही आम्हांस तेव्हा नीट ठाऊक नव्हता.

वर्गात पाठचिकित्सा शिकवीत असल्याने जुन्याचे नवे कसे करावे हे आपल्याला कळते, असा मात्र आमचा समज होता. वाळून आकसलेल्या फळ्यांमध्ये रुपयाचे नाणे जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. जुनी रीत अशी की त्यांत काथ्याचा पीळ ठोसावा आणि वर तेलात कढवलेली राळ भरावी. आम्हांस ते ओबडधोबड वाटले. दुकानातून दोन डब्यांचे मिश्रण आणून आम्ही प्रत्येक फट काठोकाठ भरली. ते सुकून दगडासारखे झाले, तेव्हा पॉलिश कागदाने घासून गुळगुळीतही केले. बाबा बाजेवरून पाहत होते. एवढेच म्हणाले, ‘‘सर, लाकडाला जरा जागा ठेवा.’’ आम्ही हसून मान डोलावली.

नाव काठाशी पाण्यात बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो डाव्या अंगाची एक फळी उभी चिरलेली आणि दोन ठिकाणी खिळे उपसून आलेले. कारण अगदी साधे होते. भिजलेले लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते. काथ्या दबतो, राळ थोडी सरकते आणि फुगलेल्या फळ्या एकमेकींना भिडून फट आपणच मिटवतात. आमच्या दगडी भरावाने त्यांना हलायला वाव ठेवला नव्हता. ज्या पोकळीला आम्ही दोष समजलो, ती त्या नावेच्या रचनेचाच भाग होती.

याच गोदावरीच्या काठी, खाली पैठणला, एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे तीत स्वतःची ओवी घालणाऱ्यास नरोटीची उपमा देऊन बजावले. हे आम्ही दरवर्षी शिकवतो. चिरलेल्या फळीसमोर उभे असताना मात्र आम्हांस आमचे एक जुने काम आठवले. पंधरा वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आम्ही याच भागातील जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. एका आजींना काही ओव्यांचा उत्तरार्ध आठवत नव्हता. छापताना मोकळी जागा बरी दिसत नाही म्हणून आम्ही त्या पुऱ्या केल्या. यमक, मात्रा, सारे जुळवून. अंक वाखाणला गेला. टिपणांची वही पुढे गहाळ झाली, आजीही गेल्या. आज तो अंक उघडला तर त्यांचे शब्द कुठे संपतात आणि आमचे कुठे सुरू होतात, हे आम्हांलाच ओळखता येत नाही.

नावेच्या बाबतीत निदान खरवडता तरी आले. दोन रविवार पटाशीने तो भराव काढण्यात गेले. चिरलेली फळी बदलावी लागली. वडिलांच्या हातची तेवढी एक फळी आमच्यामुळे गेली. बाबांनी आम्हांस बोल लावला नाही. काथ्याचा पीळ मांडीवर वळून दिला आणि तो किती ठोसायचा, कुठे थांबायचे, हे बोटाने दाखवले.

दिवाळीनंतर नाव पुन्हा पाण्यात सोडली. पहिल्या दिवशी ती निम्मी भरली. आम्ही धास्तावलो, तर बाबा म्हणाले, ‘‘पिऊ द्या तिला.’’ चौथ्या दिवशी पाणी उपसले, ते पुन्हा फारसे भरले नाही. बाबांना मध्ये बसवून आम्ही पन्नास-साठ हात गेलो आणि परत आलो. वल्ही मारताना तळाशी अजून थोडी ओल होती. आम्ही ती पुसली नाही.