रंग कोणता घ्यायचा?

इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने मंगळावरच्या दगडांची चित्रे जुळवीत रात्री जागवाव्यात, हे आमच्या वसतिगृहात कुणालाच पटत नाही. "तुला पत्रिकेत मंगळ आहे की काय गं?" हा प्रश्न मला आतापर्यंत निदान दहाजणींनी विचारला असेल. वास्तविक पत्रिकेतला मंगळ माझ्या ताईला होता. त्यापायी दोन स्थळे परत गेली आणि आईने वर्षभर मंगळवार धरले. आमच्या घराची या ग्रहाशी ओळख तेवढीच. ती पुढे माझ्यामुळे जरा निराळ्या वाटेने वाढली.

सुरुवात झाली २०२१ च्या फेब्रुवारीत. माझे दहावीचे वर्ष. शाळा मोबाइलमध्ये शिरलेली, त्यामुळे मोबाइल हातात घेऊन बसले की घरच्यांना मी अभ्यासच करते आहे असे वाटे. १९ तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास 'पर्सिव्हिअरन्स' नावाची अमेरिकन गाडी मंगळावर उतरली. ती उतरल्याचे जगाला सांगणाऱ्या बाई होत्या स्वाती मोहन, आणि त्यांच्या कपाळावर टिकली होती. खोटे कशाला बोलू, त्या टिकलीमुळेच मी बघत राहिले. मला अवकाशशास्त्रातले ओ की ठो कळत नव्हते.

तीन-चार दिवसांनी गाडी उतरतानाचे चलच्चित्र प्रसिद्ध झाले. त्यात पॅराशूटवर केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची विचित्र नक्षी दिसत होती. तिच्यात काहीतरी दडलेले आहे, असे त्या मंडळींनी सूचकपणे म्हटले मात्र, काही तासांतच जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी ते वाचूनही काढले! पट्ट्या म्हणजे आकडे, आकडे म्हणजे अक्षरे. इंग्रजीतले तीन शब्द आणि गाडी बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे अक्षांश-रेखांश. वाचणारे ना त्या प्रयोगशाळेतले, ना त्यांना कुणी पगार देणारे. कुणी विद्यार्थी, कुणी नोकरदार. हे लोक रात्रंदिवस करतात तरी काय, म्हणून मी त्यांच्या मागे लागले, आणि अजून सुटलेले नाही.

हे लोक करतात काय, ते सांगते. मंगळावरच्या गाड्यांनी काढलेली चित्रे पृथ्वीवर येताच, शास्त्रज्ञांनी त्यांवर हात फिरवण्याआधी, जशीच्या तशी सर्वांसाठी खुली केली जातात. ही रीत खऱ्या अर्थाने रुजली ती २००४ च्या जानेवारीत 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या जुळ्या गाड्या उतरल्या तेव्हा. मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ प्रा. स्टीव्ह स्क्वायर्स यांनी चित्रे अशी लगेच खुली ठेवण्याला पाठिंबा दिला. संशोधक सहसा आपले साहित्य कुलपात ठेवतात. (आमच्या विषयातही एखादे दप्तर कुणाच्या कपाटात किती वर्षे राहते, हे जाणकारांना सांगायला नको.) इथे मात्र प्राध्यापकांनी सकाळी पाहिलेला दगड संध्याकाळी कुणीही पाहू शके. कधी कधी तर वेळेच्या फरकामुळे युरोपातला एखादा हौशी माणूस तो आधी पाही, कारण अमेरिकेतले प्राध्यापक झोपलेले असत.

पण ही चित्रे कृष्णधवल! गाडीच्या मानेवर, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर दोन डोळे. प्रत्येक डोळ्यापुढे एक चक्र आणि चक्रात निरनिराळ्या काचा. एक काच लाल उजेड आत सोडणार, दुसरी हिरवा, तिसरी निळा. गाडी तोच देखावा एकेका काचेतून टिपते आणि दर वेळी करड्या रंगाचे चित्र पाठवते. अशी तीन चित्रे घेऊन एकावर एक बसवली, एकाला लाल मानले, दुसऱ्याला हिरवे, तिसऱ्याला निळे, की मंगळ रंगीत होतो. एका टप्प्यावर काढलेली अशी कित्येक चित्रे कडेला कड लावून जोडली, की क्षितिज उलगडते. मधल्या वेळात सावली सरकलेली असते, तिची कड रंगीबेरंगी होते, ती पुसत बसावे लागते. ताईच्या जुन्या लॅपटॉपवर मला एका क्षितिजाला दोन-दोन आठवडे लागतात. पंखा इतका घुरघुरतो की खोलीतली मैत्रीण डोक्यावरून पांघरूण घेते.

मी मुख्यतः 'ऑपॉर्च्युनिटी'ची जुनी चित्रे घेते. नव्या गाड्यांचे कॅमेरे मुळातच रंगीत आहेत, त्यात मला तितके सुख वाटत नाही. शिवाय ही गाडी मला आवडते. नव्वद दिवस टिकली तरी पुष्कळ, असे धरून पाठवलेली. ती चौदा वर्षे चालली आणि एकूण ४५ किलोमीटर फिरली. २००५ मध्ये वाळूत रुतली, तर तिला बाहेर काढायला पाचएक आठवडे लागले. पुढे पुढे तिचा खांदा आखडला, स्मरणशक्ती गेली. दिवसभरात जे पाहिले ते झोपण्यापूर्वी सांगून टाकले नाही तर सकाळी सगळे साफ! २०१८ च्या जूनमध्ये वादळाने सूर्यच झाकला. तिच्याकडून आलेले शेवटचे चित्र अपुरे आहे. वरचा भाग ठिपक्यांनी भरलेला, काळपट, आणि खाली नुसता कोरा काळा पट्टा, कारण तेवढ्यात संपर्क तुटला. त्या चित्रावर काही करण्यासारखे नाही. तरी मी ते जपून ठेवले आहे.

आता अण्णांविषयी. अण्णा म्हणजे माझे आजोबा. आमच्या तालुक्याच्या गावी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आता तिथे बाबांचे झेरॉक्सचे दुकान आहे, पण मागची डार्करूम अजून तशीच आहे. आई तिथे कांदे ठेवते. रंगीत फिल्म गावात येण्यापूर्वी अण्णा कृष्णधवल फोटो हाताने रंगवीत. रंगाच्या कागदी पट्ट्यांची लहानशी वही असे. पट्टीचा तुकडा बशीतल्या पाण्यात टाकायचा, रंग सुटला की काडीला कापूस गुंडाळून तो फोटोवर हलक्या हाताने चढवायचा. "रंग पातळ हवा, खालचा फोटो त्यातून दिसला पाहिजे," हे ते अजून सांगतात. गिऱ्हाईक फोटो घ्यायला आले की साडीचा रंग विचारून ते पाकिटावर लिहून ठेवीत. पाकिटे सांभाळलेली आहेत. 'शालू मोतिया, काठ जांभळा, पोराचा सदरा निळा', असे लिहिलेली.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझे पहिले पूर्ण क्षितिज त्यांना दाखवले. अण्णांना काचबिंदू आहे. दोन्ही बाजूंचे आता दिसत नाही, समोरचे तेवढे दिसते, म्हणून त्यांनी पडद्यावरून डोके डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवले. मग विचारले, "हे रंग तुला कोणी सांगितले?"

मी तोऱ्यात सगळी पद्धत सांगितली.

"ते कळलं. पण हाच रंग आहे, हे सांगितलं कोणी?"

मला उत्तर देता आले नाही. तोपर्यंत मी एक चित्र, या कामात मुरलेल्या एका परदेशी गृहस्थांना पाठवले होते. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले. पहिली ओळ: काम नेटके आहे. दुसरी: गाडीच्या पाठीवरची निळी चौकट तपासा.

गाडीच्या पाठीवर एक तळहाताएवढे सूर्यघड्याळ बसवलेले आहे. मध्ये उभी काडी, भोवती काळ्या-करड्या-पांढऱ्या कड्या, आणि चार कोपऱ्यांना चार रंगांच्या चौकटी: निळी, लाल, पिवळी, हिरवी. या चौकटींचे रंग पृथ्वीवर मोजून ठेवलेले. कॅमेरा अधूनमधून त्यांच्याकडे बघतो आणि त्यावरून बाकीचे रंग पारखायचे असतात. मी त्या चौकटीचे चित्र माझ्या रीतीने जुळवले, तर निळी चौकट चक्क गुलाबी! मी लाल म्हणून जी काच धरली होती ती खरे म्हणजे लालच्याही पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची होती, आणि त्या उजेडात तो निळा रंग लखलखतो. माझा सगळा मंगळ त्या हिशेबाने चुकलेला. पुढे कळले की २००४ मध्ये हेच पाहून काही लोकांनी 'मुद्दाम रंग बदलतात, काहीतरी लपवतात' अशी ओरड केली होती. लपवलेले काही नव्हते. शास्त्रज्ञांना दगड ओळखायला ती काच जास्त उपयोगी, म्हणून ती अधिक वेळा वापरली जाई, एवढेच. शिवाय सर्वांसाठी खुली होणारी चित्रे यंत्र आपोआप उजळ करते, त्यामुळे एकाचा उजेड दुसऱ्याशी जुळत नाही. नीट पारखलेली चित्रे काही महिन्यांनी येतात. दम धरणाऱ्याने ती घ्यावीत. मी दम धरला नव्हता.

मोठमोठे लोकही इथे घसरलेले आहेत. १९७६ च्या जुलैमध्ये 'व्हायकिंग-१' यानाने मंगळाच्या जमिनीवरून पहिले रंगीत चित्र पाठवले, तेव्हा घाईने आकाश निळे दाखवले गेले. पृथ्वीच्या लोकांना आकाश निळेच असायला हवे होते! दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली, आकाश फिकट गुलाबी-पिवळट निघाले, आणि ते ऐकून जमलेल्या पत्रकारांनी नापसंतीचा गलका केला, असे कार्ल सेगन यांनी लिहून ठेवले आहे. गंमत अशी, की मंगळावर निळाई आहे, पण ती सूर्यास्ताला. 'स्पिरिट'ने २००५ च्या मे महिन्यात टिपलेला सूर्यास्त पाहा. लहानसा सूर्य आणि त्याच्याभोवती थंड निळा उजेड. बारीक धूळ निळा प्रकाश सूर्याच्या दिशेनेच जास्त पुढे सोडते, म्हणून तसे होते. आपल्या उलट सगळे.

हौशी लोकांचे काम म्हणजे नुसती रंगरंगोटी, असे मात्र कुणी समजू नये. १९७१ च्या डिसेंबरमध्ये रशियाचे 'मार्स-३' यान मंगळावर उतरले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मुके झाले. ते कुठे पडले कुणाला ठाऊक नव्हते. 'क्युरिऑसिटी' गाडीचा रोजचा प्रवास वाचणाऱ्या रशियन हौशी मंडळींनी, व्हिटाली येगोरोव्ह यांच्या पुढाकाराने, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या कॅमेऱ्याने २००७ मध्ये काढलेले एक प्रचंड चित्र वाटून घेतले. पूर्ण तपशिलात पाहायचे तर अडीच हजार संगणकांचे पडदे लागतील, एवढे मोठे. पॅराशूट किती मोठे दिसेल, उष्णतारोधक कवच किती, याचा आधी हिशेब केला आणि मग ठिपका ठिपका तपासला. २०१२ च्या शेवटच्या दिवशी पॅराशूटसारखे काही सापडले. जवळच बाकीचे भागही. ते बहुधा तेच असावेत, असे २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनीही म्हटले. आमचे सर पुराभिलेखागारातल्या कामाविषयी बोलतात तेव्हा मला हे आठवते. आणि इंग्लंडमधले डग एलिसन तर असेच हौसेने चित्रे जुळवता जुळवता २०१० मध्ये त्या प्रयोगशाळेतच कामाला लागले. आईला मी हे दोनदा सांगितले आहे.

तर चौकटीचे अण्णांना सांगितले. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकले. "म्हणजे रंगाची पट्टी बरोबर घेऊनच गेले," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आक्काच्या फोटोत पट्टी नव्हती."

आक्का ही त्यांची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी विषमज्वराने गेली, तेव्हा अण्णा नऊ वर्षांचे होते. तिचा एकच फोटो, जिल्ह्याच्या गावी काढलेला. धंदा शिकल्यावर अण्णांनी हौसेने तो रंगवला, साडी हिरवी केली. आमच्या माजघरात तो लहानपणापासून मी पाहते आहे. पणजी दहा-बारा वर्षे काही बोलली नाही. मग एकदा कशावरून तरी बोलून गेली, "ती साडी डाळिंबी होती रे. पण तू इतका मन लावून केलास…" एकच प्रत, त्यावर रंग चढलेला. पुसायची सोय नव्हती.

"तो हिरवा काढता येईल का गं?" अण्णांनी विचारले.

मी फोटो दुकानात स्कॅन केला आणि मंगळाची कृती उलटी केली. तीन चित्रांचे एक करायचे, त्याऐवजी एकाची तीन केली: लाल, हिरवे, निळे. हिरवा रंग हिरव्या उजेडात जवळजवळ दिसतच नाही. ते चित्र बाजूला काढले, तर साडी मूळची करडी झाली, आणि तिच्यावर बारीक बुट्टे होते! इतकी वर्षे रंगाखाली ते मला कधी दिसले नव्हते. अण्णांनी भिंग घेतले आणि डोके फिरवीत पदरापासून पायापर्यंत बराच वेळ पाहिले.

"आता डाळिंबी भरू?" मी विचारले. दोन मिनिटांचे काम होते. माझ्याकडे हजार डाळिंबी होते.

"कोणता?"

"तुम्ही सांगा."

"आई डाळिंबी म्हणाली. आईचा डाळिंबी कोणता, ते मी कधी विचारलं नाही." त्यांनी भिंग खाली ठेवले. "राहू दे असाच."

बाबांनी दुकानात जाड कागदावर प्रत काढून दिली. जुना हिरवा फोटो उतरवायला मी स्टूल घेतले, तर अण्णा म्हणाले, "त्याला हात लावू नकोस. तो मी केलेला आहे. हा त्याच्या खाली लाव." खिळा ठोकताना भिंतीचा हातभर पोपडा निघाला, आणि त्यावरून आई मला अजून बोलते.