पाहून लिहिलेले शून्य

आमच्या घराण्यात चार पिढ्यांपासून धान्याची आडत आहे. मी एकटा त्या परंपरेतून बाजूला झालो, एम.कॉम. केले आणि बँकेच्या नोकरीत आयुष्य काढले. त्यामुळे घरात कोणाच्या शिक्षणाचा वा नोकरीचा प्रश्न निघाला की तो हटकून माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी धाकट्या भावाने असाच एक प्रश्न माझ्यापुढे ठेवला. प्रश्न त्याच्या मुलीचा होता.

पुतणी लहानपणापासून हुशार. विज्ञानाची पदवी घेऊन तिने वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. केले. हा विषय शिकविणाऱ्या संस्था देशात मोजक्याच. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था त्यांतली एक प्रमुख. प्रवेश मिळणे कठीण, आणि शिक्षण संपल्यावर पुढची वाट त्याहून कठीण. पुतणी एका संशोधन प्रकल्पावर रुजू झाली ती अकरा महिन्यांच्या करारावर. विद्यावेतन आमच्या पेढीवरील मुनीमजींच्या पगाराहून कमी. पीएच.डी.ला प्रवेश मिळेपर्यंत असे एकामागून एक प्रकल्प करीत राहावे लागते, असे ती सांगे.

भावाचे म्हणणे सरळ होते. "दादा, तू तिला समजाव. निदान बँकेची परीक्षा तरी देऊ दे. स्थळे येतात, मुलगी काय करते म्हणून विचारतात. कोल्हे मोजते, असे सांगू का?"

भावजयीची तक्रार निराळीच होती. दिवाळीला घरी येताना पुतणीने सामानातून कागदी पाकिटे आणली होती. प्रत्येकावर तारीख आणि ठिकाण नीट लिहिलेले. आत प्राण्याची वाळलेली विष्ठा आहे हे कळताच भावजयीने ती पाकिटे उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दोन वेळा हात धुतले. आमच्या मातोश्रींनी मात्र नातीला एकच प्रश्न विचारला, "त्या जिवांना पकडता का? इजा करता का?" नात म्हणाली, "नाही आजी. पावलांचे ठसे, बिळे आणि ही विष्ठा, एवढेच पाहते. काही ठिकाणी आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावते. प्राण्याला हात लावत नाही." मातोश्रींचे समाधान झाले. बाकीच्यांचे समाधान करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि फेब्रुवारीत मी चार दिवसांसाठी तिच्या मुक्कामी गेलो.

तिचे काम सोलापूर जिल्ह्यातील माळरानांवर आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचे, परंतु तिचा अभ्यास अभयारण्याबाहेरच्या गायरानांत आणि खासगी पडीक जमिनींवर चालतो. प्राणी म्हणजे खोकड. कोल्ह्याहून पुष्कळ लहान, वजन दोन-तीन किलो, अंग राखाडी, शेपटी झुबकेदार आणि तिचे टोक काळे. हा प्राणी भारतीय उपखंडाबाहेर कोठेही आढळत नाही. तो जमिनीत बीळ करून राहतो आणि उंदीर, किडे, वाळवी व हंगामात बोरेही खातो. धान्याच्या व्यापाऱ्याने ज्याचे आभार मानावेत असा हा उंदीरमाऱ्या आपल्या शेजारी राहतो आणि आपल्याला त्याचे नावही माहीत नसते.

खोकड तिन्हीसांजेला बाहेर पडते. म्हणून पुतणी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून संध्याकाळच्या फेरीला निघते आणि पहाटे पुन्हा जाते. खोलीत एक खाट, एक शेगडी, भिंतीवर नकाशा. नकाशावर चौकोन आखलेले. प्रत्येक चौकोनात हंगामात पाच फेऱ्या. खोकडाची खात्रीची खूण सापडली तर वहीत १, न सापडली तर ०.

मी म्हणालो, "एकदा पाहून नाही दिसले तर नाही. पाच वेळा कशाला?"

त्यावर तिने जे गणित सांगितले ते आपल्या वाचकांना सहज पटावे. समजा, चौकोनात खोकड आहे आणि एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता शंभरात चाळीस आहे. म्हणजे असूनही न सापडण्याची शक्यता साठ. तीन फेऱ्या केल्या तर तिन्ही वेळा चुकण्याची शक्यता बावीसच्या आसपास उतरते, आणि पाच फेऱ्यांनंतर ती आठच्या आत येते. चक्रवाढ व्याजाचेच हे गणित, फक्त उतरते. आता ही चाळीसची टक्केवारी कोठून आणायची? तर ज्या चौकोनांत निदान एकदा खूण सापडली, तेथे खोकड आहे हे नक्की. तेथील पाच फेऱ्यांपैकी किती रिकाम्या गेल्या यावरून. ही पद्धत २००२ साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. "काका," ती म्हणाली, "न दिसणे आणि नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक मोजायचा असेल तर प्रत्येक शून्य खरे असावे लागते."

तिसऱ्या दिवशी एका गायरानात आम्ही पहाटेपासून नऊ वाजेपर्यंत फिरलो. कुसळी गवताने माझ्या पायजम्याची चाळण झाली. त्या चौकोनातली ती पाचवी फेरी होती आणि पहिल्या चारही रिकाम्या गेल्या होत्या. एक वृद्ध मेंढपाळ भेटले. त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी तेथेच खोकड पाहिल्याचे शपथेवर सांगितले. पुतणीने ते शेवटच्या रकान्यात 'ऐकीव माहिती' म्हणून लिहिले आणि मुख्य रकान्यात ० घातले.

मला तिची दया आली. पाच पहाटा, एवढी पायपीट, आणि हाती शून्य. मी म्हणालो, "अगं, तो माणूस कशाला खोटे बोलेल? एक लिही. येथे तपासायला कोण येणार आहे?"

तिने वही मिटली आणि सहज विचारले, "काका, तुमच्या बँकेत असे चालले असते का?"

मी उत्तर दिले नाही. कारण चालले होते, आणि ते मीच केले होते.

१९८७ साली मी एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली मेंढ्यांसाठी एका धनगर कुटुंबाचा कर्जाचा अर्ज आला होता. जागेवर जाऊन चाऱ्याची सोय पाहून अहवाल लिहायचा होता. मार्चअखेर, उन्हाचा कडाका, एसटी दिवसातून दोनदा. सातबारा उताऱ्यावर जमीन पोटखराबा म्हणून लागलेली. मी टेबलाशी बसून लिहिले, 'चाऱ्याची सोय : नाही. जमीन पडीक.' अर्ज नामंजूर झाला. तो मनुष्य एकदा शाखेत आला आणि म्हणाला, "साहेब, एकदा येऊन बघितलं असतं तर बरं झालं असतं." पुन्हा तो आला नाही. लेखापरीक्षणात माझ्या अहवालावर कोणीही आक्षेप घेतला नाही. कागद चोख होता.

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी परतताना पुतणीला सांगितली. ती मला काही बोलली नाही, उपदेश केला नाही. थोड्या वेळाने तिने एवढेच सांगितले की २००५ साली राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्याआधीच्या मोजणीत कागदावर मात्र तेथे वाघ होते. त्यानंतर देशातील व्याघ्रगणनेची पद्धतच बदलावी लागली. गोदाम रिकामे आणि साठापत्रक भरलेले, हा प्रकार बँकेतल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. माझ्या अहवालात तो उलटा होता, इतकेच. माळ भरलेला होता आणि मी तो रिकामा लिहिला.

तिने विचारले, "ते गाव कोणते?" मी नाव सांगितले. नकाशावर तिने बोट ठेवले. तो माळ तिच्या एका चौकोनात येत होता.

शेवटच्या दिवशी आम्ही तेथे गेलो. अर्ध्या माळावर आता दगडाची खाण झाली आहे. उरलेल्या अर्ध्यावर गुडघाभर वाळके गवत उभे होते आणि त्यात मेंढ्यांचा एक मोठा कळप चरत होता. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. कळपाच्या मालकाला मी त्या जुन्या अर्जदाराविषयी विचारले. ते कुटुंब पुष्कळ वर्षांपूर्वी ऊसतोडीला म्हणून बाहेर गेले, ते परत आले नाही, एवढेच त्याला ठाऊक होते. यात माझ्या अहवालाचा वाटा किती, हे आता कोणत्याही गणिताने निघणार नाही. परंतु तो शून्य आहे असे मी म्हणू शकत नाही.

त्या सकाळी तेथे खोकडाची खूण सापडली नाही. ती त्या चौकोनातली दुसरी फेरी होती. तिने ० लिहिले. अजून तीन फेऱ्या बाकी होत्या.

घरी आल्यावर भावाने विचारले, "मग, समजावलेस का?" मी म्हणालो, "समजावून आलो नाही, समजून आलो." मग पेढीवर बसून त्याला सगळे सांगितले, माझ्या अहवालासकट. भाऊ मापाचा काटा दररोज सकाळी स्वतः तपासणारा माणूस. त्याने बराच वेळ काही म्हटले नाही. शेवटी विचारले, "पीएच.डी.ला किती वर्षे लागतात?" मी म्हणालो, "पाच तरी." तो म्हणाला, "स्थळांना सांगतो, मुलगी संशोधन करते म्हणून. कशाचे, ते विचारले तर तू सांग."

प्रवेशाचा निकाल अजून यायचा आहे. करार पुढे वाढेल की नाही, तेही ठरलेले नाही. भावजयीची काळजी मिटलेली नाही आणि ती रास्त आहे. तथापि आपल्या घरांतून अशी एखादी मुलगी वा मुलगा निराळ्या वाटेने निघाला, तर त्यात मिळकत काय हे विचारण्यापूर्वी दोन दिवस त्याच्याबरोबर काढावेत, एवढेच मला अनुभवाने सांगावेसे वाटते. जागेवर गेल्याशिवाय अहवाल लिहू नये.

दिवाळीत पुतणी पुन्हा आली तेव्हा पाकिटे उंबऱ्याच्या आत आली होती. भावजयीने त्यांच्यासाठी माळ्यावर एक रिकामा डबा काढून ठेवला होता.