दिव्यांची अवस

आषाढातली अवस. पोशीरला पाऊस लागून राहिलेला, खाचरांत आवणी चाललेली. आई पाटासमोर बसून दिवे घासत होती. समई, दोन निरांजनं, आणि एरवी खुंटीला लटकणारा आजीचा कंदील. पितळेला चिंच, काचेला राख. चुलीवर कणकेचे गोड दिवे उकडत होते.

मी माळ्यावरून खोका खाली घेतला. त्यात गेलेले बल्ब. आईने डोकावून पाहिलं. "ह्यांना रे कुठे मांडू?"

उत्तर सुचलं नाही. दिवा विझवायचा म्हणायचं नाही, मालवायचा. त्याला फुंकर मारायची नाही, फुलाने निरोप द्यायचा. आजीने हे सगळं शिकवलं होतं. बल्ब मात्र उडतो. उडाला की त्याची पाठवणी घराबाहेर, बांधापलीकडे.

तरी साठ वॅटच्या गोळ्याला आजी सहजी सोडत नसे. तार तुटली की तो होल्डरमध्येच हलक्या हाताने कलता करून हलवायची. तुटकी टोकं एकमेकांना टेकली की चिकटत आणि गोळा पुन्हा लागे, पहिल्यापेक्षा लख्ख. तार आखूड झाल्यामुळे वीज जास्त खेचायची, म्हणून ती लकाकी चार दिवसांची. त्या गोळ्याची बहुतेक वीज उजेडापेक्षा उष्णतेतच जाई. पण पावसाळ्यात टोपलीखाली कोंबडीची पिल्लं त्याच उबेवर तगली. आता नऊ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. टोपलीत लावला तर पिल्लं चिवचिवत राहतील.

आमच्याच तालुक्यातल्या भिवपुरीला घाटमाथ्यावरचं पाणी पाइपातून उतरतं आणि १९२२ पासून मुंबईसाठी वीज करतं. ती वीज आमच्या माथ्यावरून गेली तेव्हा आजीच्या सासूच्या हातात कंदीलच होता. पुढे कंदिलाची काच तडकली की आजी नेरळच्या बाजारातून नवी आणायची. पदरात गुंडाळून, पोटाशी धरून, तान्ह्या मुलासारखी.

खोक्यात खाली होते जिलेबीसारख्या वेटोळ्यांचे सीएफएल. त्यांच्या पोटात पारा असतो, मिलिग्रॅमांत मोजावा एवढाच. एक एकदा पडवीत फुटला, तेव्हा आई नेहमीप्रमाणे केरसुणी घेऊन धावली. मी तिला थांबवलं. पोरांना बाहेर काढलं, दारं-खिडक्या उघडून थोडा वेळ तसंच राहू दिलं, मग जाड पुठ्ठ्याने काचा उचलून झाकणाच्या बरणीत भरल्या. बांधापलीकडे टाकावा, तर तिथून खाचर, खाचरातून ओहोळ, ओहोळातून पोशीर नदी, पुढे उल्हास. खालची शहरं तेच पाणी पितात. केंद्राच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवेही आहेत. नोंदणी असलेल्या ठिकाणीच ते द्यावेत.

हे ऐकून आई म्हणाली, "मग पुसून तरी दे." आणि राखेने माखलेला तोच फडका माझ्याकडे टाकला.

दुसऱ्या दिवशी नेरळला लोकल पकडली. एकेक बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बदलापूरला गर्दी चढली तसा मी खोका वरच्या फळीवरून काढला आणि पोटाशी धरला.