मुखवट्याआधी कान

गोदाकाठच्या आमच्या भागात मुले पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. तीर्थपुरीपासून समुद्र फार लांब. तरीही हल्ली हीच मुले मोठी झाल्यावर मालवणजवळच्या तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगसाठी जातात. साहित्य काय घ्यावे, हा प्रश्न त्यामुळे माझ्या दवाखान्यातही येऊ लागला आहे.

गेल्या वर्षी एक तरुण आला. उसाचे बिल नुकतेच हाती पडले होते. "डॉक्टरसाहेब, फिट असल्याचं लिहून द्या, आजच सामान मागवतो," असे म्हणत त्याने यादी पुढे केली. मी आधी कान पाहिले. उजव्या कानाच्या पडद्याला छिद्र होते. लहानपणी कान वाहत असे, हे त्याला विचारल्यावर आठवले.

पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. 10 मीटर खोलीवर बंदिस्त हवेचे आकारमान निम्मे होते. म्हणून पाणबुड्याला नाक चिमटीत धरून कानातील दाब वारंवार समतोल करावा लागतो. पडद्याला छिद्र असल्यास थंड पाणी मध्यकर्णात शिरते आणि एकाएकी भोवळ येते. पाण्याखाली ती जीवावर बेतू शकते. कानात बोळे घालणे हा उपाय नव्हे. दाबाने ते आतच रुततात. मी प्रमाणपत्र दिले नाही, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. तो नाराज झाला, पण गेला.

कान, सायनस, छाती आणि हृदय यांची तपासणी झाल्यावर नवशिक्याने स्वतःचा घ्यावा तो मुखवटा. पोहण्याचा चष्मा चालत नाही, कारण त्यात नाक झाकले जात नाही. पट्टा न लावता मुखवटा चेहऱ्यावर ठेवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. तो तसाच चिकटून राहिला तर मापाचा. दाट मिशा असतील तर तेथून पाणी झिरपते. चष्मा असणाऱ्यांना नंबराच्या काचाही बसवून मिळतात. रेग्युलेटर, तरंग-जाकीट आणि सिलिंडर प्रशिक्षण केंद्राचेच वापरावे. त्यांची नियमित देखभाल करावी लागते आणि निवड करण्याइतका अनुभव नवशिक्याजवळ नसतो.

सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नये. नाक मोकळे करणाऱ्या औषधाचा असर पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना कान व सायनस अडकतात. आणि वर येताना श्वास कधीही रोखू नये. फुफ्फुसातील हवा प्रसरण पावत असते.